जेलमधून सुटलेल्या माणसाला गावात उभं करताना : सांगली जिल्ह्यातल्या घरच्यांसाठी आणि कार्यकर्त्यांसाठी

शिक्षा संपते त्या दिवशी माणूस फाटकाबाहेर येतो, एवढंच. घरात, कामावर, पारावर, बँकेच्या रांगेत तो परत यायला पुढं कित्येक महिने जातात. निकाल लागला की कोर्टाचं काम संपतं, सुटकेच्या कागदावर सही झाली की जेलचं. त्यानंतरचा भार आई, बायको, थोरला भाऊ किंवा गावातला एखादा जीव लावणारा कार्यकर्ता उचलतो. काय, कधी आणि कुठल्या क्रमानं करायचं हे त्यांना कुणी सांगत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

माझं एक ठाम मत आधीच सांगतो. सुटून आलेल्या माणसाला उपदेशाची गरज नसते. पहिले तीन महिने त्याच्यासोबत ठरल्या वेळी येणारा, तहसीलमध्ये रांगेत उभा राहणारा, मालकाशी बोलणारा एक माणूस लागतो. त्याला मी इथं ‘सोबती’ म्हणतो. सोबती घरचा असावा असं नाही. बाहेरचा असला तर उलट बरं, कारण घरच्यांच्या मनात राग, लाज आणि कर्ज हे तिन्ही असतं.

हा विचार आपल्या जिल्ह्याला नवा नाही. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर १९३९ साली औंध संस्थानानं वसवलं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांनी शिक्षा झालेल्या माणसांना भिंतीबाहेर, शेतात, बायकामुलांसह राहू दिलं. ती खुली वसाहत आजही कारागृह विभागाकडे आहे. घरची माणसं आणि हाताला रोजचं काम असेल तर माणूस पळत नाही, हे माणदेशातल्या त्या माळावर दिसून आलं. आपल्याला गावात नेमकं तेवढंच करायचं आहे, मागं संस्थान नसताना.

सुटण्याच्या आधीचे दोन-तीन महिने

तयारी फाटकावर सुरू केली तर उशीर झालेला असतो. सांगलीच्या जिल्हा कारागृहात बहुतेक कच्चे कैदी, म्हणजे केसचा निकाल अजून लागायचा असलेले, असतात. मोठी शिक्षा लागलेल्यांना कोल्हापूरला कळंब्याला किंवा पुण्याला येरवड्याला हलवतात. त्यामुळे मुलाखतीला जाणं खर्चाचं होतं आणि घरच्यांची ये-जा कमी होत जाते. शेवटच्या महिन्यांत ती मुद्दाम वाढवा. आणि मुलाखतीत फक्त रडारड नको, चार प्रश्न विचारा : सुटल्यावर कुठं राहायचं? कुठली कागदपत्रं हरवली आहेत? औषध कुठलं चालू आहे? अजून कुठल्या कोर्टात केस बाकी आहे?

शेवटचा प्रश्न फार मोलाचा. एका केसमध्ये सुटका झाली, पण जतच्या किंवा विट्याच्या कोर्टात जुन्या मारामारीच्या तारखा चुकल्यामुळं वॉरंट निघालेलं असतं. मग घरी आलेला माणूस पुन्हा उचलला जातो. ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर किंवा अॅपवर जिल्हा, तालुक्याचं कोर्ट आणि पक्षकाराचं नाव टाकून केसेस शोधता येतात. प्रत्येक केसचा १६ अक्षरांचा सीएनआर नंबर वहीत उतरवून ठेवा, पुढं सगळीकडे तोच लागतो.

पक्का कैदी असेल तर संचित रजा किंवा अभिवचन रजा, म्हणजे आपण म्हणतो ते फर्लो आणि पॅरोल, तयारीसाठी वापरा. रजेवर आला की बहुतेक वेळ पाहुण्यांच्या भेटीत जातो. त्यातले दोन दिवस आधार, बँक आणि कामाच्या चौकशीसाठी काढा. आणि रजा संपल्यावर ठरल्या तारखेला हजर व्हायलाच हवं. एक दिवसाचा उशीरही पुढच्या रजेवर आणि शिक्षेत मिळणाऱ्या सवलतीवर परिणाम करतो.

जामीन मंजूर आहे पण जामीनदार मिळत नाही, हे आपल्याकडं सर्रास दिसतं. सातबारा असलेला माणूस दुसऱ्याच्या पोरासाठी कोर्टात उभा राहायला घाबरतो. सर्वोच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सांगितलं आहे की जामीन मिळून ७ दिवसांत सुटका झाली नाही तर जेल अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, आणि महिन्याभरात जामीनदार देता आला नाही तर कोर्टानं अटी सैल करण्याचा विचार करावा. पैशांवाचून अडलेल्यांसाठी केंद्राची २०२३ ची गरीब कैदी सहाय्य योजनाही आहे. कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत रक्कम जिल्हा पातळीवरची समिती मंजूर करू शकते. अमली पदार्थ, भ्रष्टाचार, मनी लाँडरिंग, यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा) असल्या केसेस त्यात बसत नाहीत.

हे सगळं कुणाला विचारायचं? सांगलीत विजयनगरला जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, आणि १५१०० हा त्यांचा हेल्पलाइन नंबर आहे. आत असलेल्या माणसाला, स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला ३ लाख रुपयांची उत्पन्न मर्यादा आहे. तालुक्याच्या कोर्टातही तालुका विधी सेवा समिती असते. सांगलीपर्यंत खेप मारायची गरज नाही.

सुटकेचा दिवस

सुटका बरेचदा संध्याकाळी होते. कागद पोचायला वेळ लागतो, आणि कळंब्याच्या फाटकाबाहेर अंधारात एकटा उभा असलेला माणूस एसटी स्टँडऐवजी बारकडे वळू शकतो किंवा जुने साथीदार त्याला गाडीत घालून नेऊ शकतात. म्हणून न्यायला कुणी ना कुणी गेलंच पाहिजे. दोन माणसं पुरे. गाड्यांचा ताफा, हार, फटाके, स्टेटस यातलं काहीही नको. त्या मिरवणुकीचे फोटो समोरच्या पार्टीच्या मोबाइलवर जातात, पोलीस ठाण्यातही जातात, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्यावर नवी नजर बसते.

बाहेर पडताना चार गोष्टी हातात घ्या : सुटकेचा दाखला, आत जाताना जमा केलेल्या वस्तू, खात्यावर साठलेली मजुरी आणि उपचाराचे कागद. आत एखादं प्रशिक्षण घेतलं असेल, मुक्त विद्यापीठाची परीक्षा दिली असेल, तर ती प्रमाणपत्रंही मागून घ्या. नंतर टपालानं मागवणं जिकिरीचं होतं.

पहिला आठवडा : शरीर आणि झोप

बराकीत दिवा रात्रभर चालू असतो, आजूबाजूला माणसं असतात, उठण्याची वेळ ठरलेली असते. घरी आल्यावर अंधार आणि शांतता सोसत नाही, झोप लागत नाही. गर्दीत घाम फुटतो. दार लावलं तरी जीव घाबरा होतो, उघडं ठेवलं तरी होतो. घरच्यांना वाटतं हा बदलला, तुसडा झाला. हे आजारपण मानू नका, पण दुर्लक्षही करू नका. दिवसाला एक ठरलेला क्रम द्या : उठणं, आंघोळ, जेवण, एखादं छोटं काम, फिरणं. महिनाभरानंतरही झोप नसेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं येत असेल, तर १४४१६ या टेलिमानस नंबरवर मोफत बोलता येतं. मिरजेच्या आणि सांगलीच्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे.

दारूबद्दल स्पष्ट बोलायला हवं. आत कित्येक महिने न प्यायलेल्या माणसाची सहनशक्ती उतरलेली असते. पहिल्या रात्री मित्रांनी पाजलेला जुना ‘कोटा’ त्याच्या जिवावर बेतू शकतो. गांजा, गोळ्या, ब्राउन शुगर यांना हे दुपटीनं लागू आहे. व्यसन जुनं असेल तर सुटकेआधीच व्यसनमुक्ती केंद्राची चौकशी करून ठेवा.

आत टीबीचं औषध सुरू झालं असेल तर एक दिवसही खंड नको. आरोग्य केंद्रात कागद दाखवा, गोळ्या मोफत मिळतात, आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना १,००० रुपये बँक खात्यावर येतात. एचआयव्हीच्या औषधांचंही तेच, फक्त तिथं सिव्हिलच्या एआरटी केंद्रात जायचं. मोठ्या ऑपरेशनसाठी महात्मा फुले योजना आहे, पण तिला रेशनकार्ड लागतं. आणि इथूनच कागदांची लढाई सुरू होते.

कागदांचा क्रम

क्रम चुकला की एकाच कचेरीत पुन्हा पुन्हा जावं लागतं. मी हा क्रम सुचवतो : आधी आधार, मग रेशनकार्ड, मग बँक, बाकी नंतर.

आधारमध्ये मोबाइल नंबर जुना असतो, सिम केव्हाच बंद झालेलं असतं. त्यामुळं ओटीपी येत नाही आणि सगळं अडतं. आधार केंद्रावर बोटांचे ठसे देऊन नंबर बदलून घ्या. कार्ड हरवलं, नंबरही आठवत नाही, असं असलं तर १९४७ वर विचारा.

रेशनकार्डातून नाव कमी झालेलं असू शकतं. कधी कुटुंबानंच ते करून घेतलेलं असतं, कधी ई-केवायसी न झाल्यानं धान्य थांबतं. तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज द्या. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘ठेवून जा, बघतो’ याला पोच म्हणत नाहीत.

बँकेत दोन वर्षांहून जास्त व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय होतं. ते बंद झालेलं नसतं, केवायसी दिली की पुन्हा चालू होतं. पैसे १० वर्षं पडून राहिले तर ते रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, तरी खातेदाराचा हक्क संपत नाही, बँकेमार्फतच मागता येतात. खातं नसेलच तर जनधनचं शून्य शिलकीचं उघडा. सुटून आलो हे बँकेत सांगायची काही गरज नाही. तिथं ओळखपत्र आणि पत्ता एवढंच विचारतात.

ड्रायव्हिंग लायसनकडे लवकर बघा, कारण आपल्याकडं टेम्पो, ट्रॅक्टर, ऊस वाहतूक यांत बरीच कामं निघतात. मुदत संपून एक वर्ष उलटलं असेल तर परत चाचणी द्यावी लागते. मतदानाचा हक्क जेलमध्ये असेपर्यंत थांबलेला असतो, सुटल्यावर परत मिळतो. यादीत नाव नसेल तर नमुना ६ भरायचा. काही जणांना मतदार ओळखपत्र हातात पडलं की फार बरं वाटतं, मी ते पाहिलं आहे. म्हणून ते नंतरवर टाकू नका.

निर्दोष सुटला असेल तर निकालाची सही-शिक्क्याची नक्कल कोर्टातून काढा आणि दोन-तीन झेरॉक्स घरात ठेवा. गावाला वाटतं सुटला म्हणजे जामिनावर सुटला. पोलीस पडताळणीत, नोकरीत, पासपोर्टमध्ये ही नक्कलच उपयोगी पडते. निर्दोष ठरल्यावरही वरच्या कोर्टात अपील झालं तर हजर राहू असा ६ महिन्यांचा जामीन लिहून द्यावा लागतो. तो कागद पाहून घाबरू नका. गुन्हा सिद्ध झाला पण कोर्टानं चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर १९५८ च्या परिविक्षा कायद्याखाली सोडलं असेल, तर त्याच कायद्याचं कलम १२ सांगतं की त्या शिक्षेमुळं येणारी अपात्रता लागू होत नाही. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि पोरं विनाकारण अर्ज भरायचे सोडून देतात.

जमिनीचं एक. आत असताना वडील वारले, वारसनोंद झाली आणि याचं नाव लागलंच नाही, हा प्रकार भावकीत फार आहे. जेलात गेल्यानं वारसा हक्क जात नाही. हिंदू वारसा कायद्यात अपवाद एकच आहे : ज्याचा खून केला त्याच्या मालमत्तेत वारस होता येत नाही. सातबारा, आठ-अ आणि फेरफार काढून बघा. पण भांडण मात्र पहिल्या महिन्यात सुरू करू नका. तलाठ्याकडं अर्ज देऊन ठेवा आणि वकिलाचा सल्ला घ्या. बांधावर जाऊन बोलणं कटाक्षानं टाळा.

पोलीस ठाणं, हजेरी, तडीपारी

जामिनाच्या किंवा मुदतपूर्व सुटकेच्या अटी आदेशात लिहिलेल्या असतात. इंग्रजीत असल्या तर वकिलाकडून मराठीत समजून घ्या आणि भिंतीवर चिकटवा. दर सोमवारी हजेरी असेल तर दर सोमवारी सोबत्यानं बरोबर जावं, निदान सुरुवातीचे काही सोमवार. हजेरीच्या वहीत सही झाली का ते स्वतः बघा. जन्मठेपेतून मुदतीआधी सुटलेल्यानं जास्तच जपावं, कारण अट मोडली तर उरलेली शिक्षा भोगायला परत जावं लागू शकतं.

‘चॅप्टर केस’ म्हणजे शांतता राखण्याचं किंवा चांगल्या वागणुकीचं बंधपत्र घेण्याची कारवाई. निवडणूक, गणपती, उरूस जवळ आला की जुन्या यादीतल्यांना नोटिसा निघतात. नोटीस आली की त्या तारखेला जाऊन उत्तर द्यायचं. गैरहजर राहिलं की साधी गोष्ट बिघडते.

तडीपारी वेगळी आणि जास्त गंभीर. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५५ ते ५७ खाली माणसाला जिल्ह्यातून, कधी शेजारच्या जिल्ह्यांतूनही, दोन वर्षांपर्यंत बाहेर काढता येतं. आधी कारणं दाखवा नोटीस येते, तिला उत्तर देताना काम, घर, वागणूक यांचे पुरावे जोडता येतात. आदेश निघाल्यावर अपिलाला ३० दिवस असतात. या ३० दिवसांत घरी बसून रडण्यापेक्षा विधी सेवा प्राधिकरणाकडं धाव घ्या. आदेश असताना आईच्या दुखण्याला चोरून आला तरी गुन्हा होतो. येण्याची गरज असेल तर आधी लेखी परवानगी मागायची.

बीटच्या अंमलदाराला आणि गावच्या पोलीस पाटलाला सोबत्यानं पहिल्याच आठवड्यात भेटावं. ‘हा आलाय, अमक्या ठिकाणी राहतोय, अमक्याकडं काम बघतोय, काही लागलं तर मला फोन करा.’ हे एवढं बोलून ठेवल्यानं पुढं किती गोष्टी सोप्या होतात! पोलिसांनाही असा एक नंबर हवा असतो.

काम : कुठं मागायचं, काय सांगायचं

घरी बसलेला माणूस महिन्याभरात घरच्यांना जड होतो आणि स्वतःलाही. म्हणून पहिलं काम मनासारखं नसलं तरी लवकर मिळालं पाहिजे. सांगली जिल्ह्यात हे तुलनेनं जमतं, कारण इथला शेतीचा हंगाम माणसं मागतो. ऑक्टोबरच्या छाटणीपासून तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ भागात द्राक्षबागांना हात लागतात : छाटणी, डिपिंग, विरळणी. जानेवारीपासून माल उतरायला लागतो, मग बेदाणा शेडवर काम निघतं. त्याच सुमाराला हळद काढणं, शिजवणं, पॉलिश करणं चालू होतं आणि मार्केट यार्डात हमालीचा जोर वाढतो. सुटकेची तारीख माहीत असेल तर त्या वेळी कुठलं काम चालू असेल हे आधीच बघून ठेवा.

बागेतलं टोळीचं काम मला पहिल्या महिन्यांसाठी सगळ्यात चांगलं वाटतं. सकाळी सगळ्यांबरोबर जाणं, एकत्र भाकरी खाणं, संध्याकाळी रोख मजुरी. कागद कुणी मागत नाही आणि काम बोलतं. ऊसतोडीचं मात्र सांभाळून. तिथं मुकादमाची उचल आधी हातात येते, आणि पैशाला आसुसलेला माणूस ती घेऊन टाकतो. मग पूर्ण हंगाम तो बांधला जातो, कोर्टाची तारीख आली तरी निघता येत नाही. उचल घ्यायचीच असेल तर तारखांची यादी मुकादमापुढं ठेवून मगच घ्या.

कुपवाड आणि मिरज एमआयडीसीत भरती बहुधा ठेकेदारामार्फत होते आणि चारित्र्य पडताळणी मागतात. तिथं लपवून शिरणं मला पटत नाही. पडताळणीत निघालं की नोकरी तर जातेच, ‘खोटं बोलला’ हा दुसरा डाग लागतो. सरकारी नोकरीबाबत सर्वोच्च न्यायालयानं २०१६ च्या अवतार सिंग निकालात हेच धरलं आहे : माहिती खरी द्यावी, आणि किरकोळ गुन्हा असेल तर नेमणूक करणाऱ्यानं सारासार विचार करावा.

विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी, कुटुंबं देशभर पसरली आहेत. पाहुण्याच्या दुकानात लांब पाठवून द्यावं असं घरच्यांना वाटतं. जुन्या संगतीपासून तुटायला ते चांगलं, पण जिल्हा सोडायला कोर्टाची परवानगी लागते का हे आधी बघा. आणि चोरीची शिक्षा भोगून आलेल्याला सोन्याच्या कामावर ठेवणं त्याच्यावर आणि मालकावर दोघांवरही अन्याय आहे.

मालकाशी बोलताना काय बोलायचं याची आदल्या रात्री तयारी करा. लांबण नको, रडगाणं नको, वकिली नको. सोबती म्हणेल, ‘तात्या, हा आमच्या गल्लीतला. तीन वर्षं आत होता, मारामारीची केस. शिक्षा भोगून आलाय. महिनाभर बघा, नाही जमलं तर मला सांगा, मी येऊन नेतो.’ आणि तो स्वतः एवढंच म्हणेल, ‘चूक झाली होती, तात्या. काम करायची तयारी आहे. महिन्यातून एक दिवस तारखेला जावं लागेल, ते आधीच सांगतो.’ कोर्टाच्या तारखेचं आधी सांगितलं तर मालक सहसा मान्य करतात. दांडी मारून नंतर सांगितलं तर विश्वास उडतो. तात्यांनी बाकीच्या मजुरांना सांगायचं का नाही, हे तिथंच ठरवून टाका.

स्वतःचा धंदा पहिल्या सहा महिन्यांत नको, असं माझं म्हणणं. त्यानंतर जमेल. आत सुतारकाम, शिवणकाम शिकला असेल तर पीएम विश्वकर्मा योजनेत पहिला टप्पा १ लाख रुपयांचा, ५ टक्के व्याजानं मिळतो. मुद्रातल्या शिशु गटात ५०,००० पर्यंत. सुटून आलेल्यांसाठी महिला व बाल विकास विभागाकडं अर्थसाहाय्याची तरतूद आहे, त्यासाठी जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्यांना भेटा. या अधिकाऱ्यांकडं फार थोडे लोक जातात, म्हणून मी मुद्दाम सांगतो. माणूस अजून आत असेल आणि घरी पैशाची अडचण असेल तर राज्य सहकारी बँकेची ‘जिव्हाळा’ योजना आहे. १ मे २०२२ ला येरवड्यात सुरू झाली, आतल्या मजुरीवर ५०,००० रुपयांपर्यंत ७ टक्क्यांनी कर्ज देते.

आणि सावकारी. वकिलाच्या फीसाठी बायकोनं किंवा आईनं काढलेलं कर्ज माणूस बाहेर आल्यावर दारात येऊन उभं राहतं. आधी सगळी देणी एका कागदावर लिहा : कुणाचे, किती, किती टक्क्यानं, काय गहाण. सावकाराकडं परवाना नसेल, कोरे चेक किंवा खरेदीखत करून घेतलं असेल, तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं तक्रार होते. वसुलीच्या दमदाटीला सुटून आलेल्यानं उत्तर द्यायला जाऊ नये. सोबत्यानं पुढं व्हावं.

घर, मुलं, भावकी

बायकोनं इतकी वर्षं घर चालवलं आहे. पैसे तिच्या हातात आहेत, शाळेत तिची सही आहे, बचत गटात तिचं नाव आहे. नवरा परत आला की सासू म्हणते, ‘आता तो आलाय, त्याला विचार.’ इथून घर फाटायला लागतं. सोबत्यानं दोघांना एकत्र बसवून बोलावं : व्यवहार निदान वर्षभर वहिनींकडंच राहू देत, दादानं मजुरी आणून द्यावी. कमावायला लागलं की मान आपोआप परत येतो, मागून येत नाही.

मुलं लहान असतील तर त्यांना ‘पप्पा दुबईला’ असं सांगितलेलं असतं. शाळेत दुसऱ्या पोरांनी खरं सांगून टाकलेलं असतं. मुलाला वयाप्रमाणं खरं सांगा, आणि बापानंच सांगावं. पालक जेलमध्ये असलेल्या मुलांना बालसंगोपन योजनेत महिना २,२५० रुपये मिळू शकतात. बाप आत असतानाच जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात अर्ज करायला हवा.

सुटून आलेल्या बाईची वाट याहून खडतर असते. पुरुषाला निदान आई दार उघडते. बाईला सासर बंद, माहेरी भावजय, आणि मुलं कुणाकडं तरी वाटलेली. तिला ‘आधी घरी जा, मग बघू’ असं सांगून चालत नाही. राहण्याची सोय ठरल्याशिवाय सुटकेची तारीख येऊ देऊ नका. १८१ ही महिला हेल्पलाइन आणि सखी केंद्र तात्पुरत्या निवाऱ्याची वाट दाखवतात. गावातल्या दोन बायकांनी तिच्याकडं चहाला जाणं सुरू केलं तर गल्ली हळूहळू बोलायला लागते. हे काम पुरुष कार्यकर्त्यानं करू नये. एखाद्या काकूंना, अंगणवाडीच्या ताईंना पुढं घालावं.

समोरचं घर

ज्याचं नुकसान झालं तो बरेचदा त्याच गावात असतो, कधी त्याच भावकीत. त्यांच्या घरातला माणूस गेलेला असतो, आणि मारणारा पारावर बसलेला दिसतो. त्यांचा राग खरा आहे, तो धरूनच सगळं ठरवा. जामीन असेल तर साक्षीदारांशी बोलायला बंदी असते, तेव्हा संपर्काचा प्रश्नच नाही. शिक्षा संपली असेल तरी माफी मागायला, समेट करायला लगेच माणसं पाठवू नका. माफी मागणं हासुद्धा त्यांच्यावर घातलेला भार असतो. त्यांच्या दारावरून जाणारा रस्ता टाळा, पहिल्या वर्षीच्या यात्रेत पालखीला खांदा द्यायला पुढं जाऊ नका, त्यांच्या घरच्या कार्यात समोर येऊ नका. कधी त्यांच्याकडूनच बोलणं आलं तर गावातल्या दोघांनाही मान्य असलेल्या वडीलधाऱ्या माणसामार्फत बोला. काही ठिकाणी ते कधीच येत नाही. मग दुसऱ्या गावात बस्तान बसवणं हा पळपुटेपणा ठरत नाही.

घसरण झाली तर

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बहुतेकांची एकदा तरी घसरण होते. काम सुटतं, दारू होते, जुना मित्र भेटतो, हजेरी चुकते. त्या दिवशी सोबत्यानं फोन उचलणं बंद केलं तर सगळं गेलं. चुकलेल्या हजेरीचं कारण दुसऱ्याच दिवशी ठाण्यात लेखी द्या. सुटलेल्या तारखेसाठी वकिलामार्फत अर्ज करा, वॉरंट निघालं असेल तर स्वतः कोर्टात जाऊन रद्द करून घ्या. स्वतः आलेल्याकडं आणि पकडून आणलेल्याकडं कोर्ट सारख्या नजरेनं बघत नाही.

आणि काही न करताही उचललं जाण्याचं एक दुखणं आहे. गावात चोरी झाली की आधी सुटून आलेल्याच्या घरी जीप येते, तो पारधी वस्तीतला असेल तर हमखास. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अशा जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, नजर अजून गेलेली नाही. म्हणून त्याच्या रोजच्या हजेरीचा पुरावा ठेवा : बागेच्या मालकाची वही, मजुरी फोनवर आली असेल तर ती नोंद, एसटीचं तिकीट. उचललंच, तर घरच्यांनी काय करायचं ते आधीच ठरलेलं असू दे. ठाण्यात दोघांनी जायचं, अटक केली आहे का आणि कुठल्या गुन्ह्यात हे विचारायचं, अंमलदाराचं नाव आणि वेळ लिहून घ्यायची. अटक असेल तर तिचा पंचनामा करून नातेवाइकाला कळवणं, आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करणं पोलिसांना बंधनकारक आहे. ठाण्यातूनच १५१०० लावायचा आणि सीएनआर नंबरांची ती वही सोबत न्यायची. दुसऱ्या दिवशी मालकाला सोबत्यानंच फोन करायचा, गावातून ऐकीव बातमी जायच्या आत : ‘तात्या, चौकशीला नेलंय. मी तिथंच आहे. त्याची जागा भरू नका.’